नाताळ, पाहुणे आणि घरात दोन लहान मुलं

प्रश्न : आम्ही मूळचे कोल्हापूरचे, दीड वर्षापासून पर्वरीत राहतो. मुलगी चार वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा. गेल्या नाताळात सासूबाई आणि नणंदेचं कुटुंब आठ दिवस आमच्याकडे होतं. मुलगी रोज रात्री बारापर्यंत जागी, दिवसभर किरकिर, आणि २८ तारखेला उलट्या नि ताप. यंदा सगळे पुन्हा येताहेत आणि आता घरात बाळही आहे. शेजारच्या आंटींनी मिडनाइट मासला, म्हणजे चर्चमधल्या २४ च्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेला, बोलावलं आहे. मुलगी सांताची वाट बघते आहे. शेजारून येणारं गोडधोड किती द्यावं, बाळाला केक चालेल का, ३१ च्या फटाक्यांचं काय करावं? कुणाला न दुखावता हे आठ दिवस कसे काढायचे?

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला माझा २७-२८ डिसेंबरचा दवाखाना आठवला. म्हापशात २६ वर्षं मी लहान मुलं तपासते आहे आणि दर वर्षी त्या दोन दिवसांत बाहेरचा बाक भरलेला असतो. कुणाच्या उलट्या, कुणाचा कान, कुणाचं अंग तापलेलं. पण त्यांतली कितीतरी मुलं अशी असतात की छाती स्वच्छ, घसा स्वच्छ, पोट मऊ, आणि तरी आई म्हणते, "डॉक्टर, दोन दिवस नुसता रडतोय हो." मी तेव्हा औषध लिहायच्या आधी तीन गोष्टी विचारते. परवापासून दुपारी झोपला का? रात्री किती वाजता झोपला? शेवटचं वरणभात कधी जेवला? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. दुपारची झोप गाडीत झाली, रात्री साडेअकरा वाजले, आणि जेवण म्हणजे वेफर्स नि केक.

याचा दोष नाताळाला देऊ नका. चतुर्थीत हेच होतं, दिवाळीत नरकासुराच्या रात्रीनंतर हेच, आमच्या बोडगेश्वराच्या जत्रेनंतरही हेच. मोठ्यांना सण रात्री चढतो. मुलांचा सण मात्र सकाळचा असतो आणि तो आठ-दहा दिवस आधी, तयारीतच सुरू होतो. मोठ्यांच्या रात्रीत मुलांना ओढायचं नाही आणि मुलांची तयारी त्यांच्याकडून काढून घ्यायची नाही, एवढं सांभाळलंत तर बाकीच्या अडचणी बऱ्याच सोप्या होतात.

आधी झोप. चार वर्षांच्या मुलीला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप लागते, दहा महिन्यांच्या बाळाला १२ ते १६ तास. मूल दमलं की मोठ्यांसारखं पेंगत नाही, उलट चेकाळतं. सोफ्यावरून उड्या मारतं, उगाच खिदळतं, आणि मग एका क्षणी पाण्याचा पेला निळा का नाही म्हणून जमिनीवर लोळण घेतं. रात्री दहा वाजता ती अशी नाचत असते तेव्हा घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "बघा, हिला झोपच आली नाहीये, कशाला आत नेताय?" तिला झोप साडेआठलाच आली होती. ती वेळ टळली, आता शरीर तिला जागं ठेवायला झटतंय. हे एकदा ओळखता आलं की आपलं मूल हट्टी आहे असं वाटणं थांबतं.

म्हणून आठ दिवसांसाठी दोनच गोष्टी पक्क्या ठेवा. दुपारी जेवणानंतर दीड तास खोली अंधारी करायची, मुलगी झोपली नाही तरी तिथेच लोळायचं. आणि रात्री नऊच्या आत दोघं अंथरुणात. बाकी सगळं ढिलं सोडा. आंघोळ उशिरा झाली, एका दिवशी नाश्त्याला केक खाल्ला, भाजी पानात राहिली, काही बिघडत नाही. आठ दिवसांत एक रात्र मोडली तरी चालेल. लागोपाठ तीन मोडल्या की चौथ्या दिवशी तुम्ही माझ्यासमोरच्या खुर्चीत असाल.

आता सासूबाई आणि नणंद. हे बोलणं पाहुणे घरात आल्यावर, मूल रडत असताना करू नका. आताच फोनवर करा, आणि तुमच्या नवऱ्याने करावं. आपल्या आईला आणि बहिणीला सांगायचं काम त्याचं आहे. "गेल्या वर्षी पोर आजारी पडली, म्हणून यंदा नऊला झोपवणार आहोत" एवढं पुरे. आणि सासूबाईंना नुसता नियम ऐकवू नका, त्यांना काम द्या. रात्री साडेआठला दिवा मंद करून गोष्ट सांगायची ती आजीने. नातीशेजारी लोळून गोष्ट सांगायचा मान मिळाला की आजी स्वतःच घड्याळ बघू लागते. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. नणंदेच्या मुलांसाठी एक छोटी गोष्ट: आंबोली घाट उतरताना मुलांना मळमळतं, तेव्हा पोहोचल्या संध्याकाळी लगेच कळंगुटला नेऊ नका. पहिली संध्याकाळ घरात, मऊ भात, लवकर झोप.

मुलांच्या नाताळाबद्दल मात्र मला जरा सविस्तर सांगायचंय. तुम्ही गोव्यात नवीन आहात म्हणून कदाचित लक्षात आलं नसेल, इथे घराघरांत गोठा करतात. येशूचा जन्म गोठ्यात झाला त्याचा देखावा. त्यातली शेतं कशी करतात माहीत आहे? नारळाच्या करवंटीत किंवा पत्र्याच्या डब्याच्या झाकणात माती घालून नाचणी किंवा गहू पेरतात. नाताळापर्यंत बोटभर हिरवी रोपं येतात आणि ती उचलून गोठ्यासमोर मांडतात. आपण घटाला धान्य पेरतो तसंच. तुमच्या मुलीला नवरात्रातला घट आठवत असेल, तिला हे चटकन कळेल. चार वर्षांच्या मुलीला यापेक्षा चांगलं काम कुठलं? रात्री नाचणी भिजत घालायची, सकाळी करवंटीत पेरायची, रोज चमच्याने पाणी द्यायचं, तिसऱ्या दिवशी पांढरा कोंब दिसला की सगळ्यांना ओढून आणून दाखवायचा. शेजारच्या आंटींना विचारा, "आमच्या मुलीने पेरलेलं तुमच्या गोठ्यात ठेवाल का?" त्या नाही म्हणणार नाहीत. इथे त्याला शेजार म्हणतात.

दुसरं काम कुलकुलांचं, म्हणजे नाताळातल्या तळलेल्या गोड खाऊचं. मी लहान असताना आमच्या वाड्यावर शेजारच्या बाई अंगणात चटई टाकून बसायच्या आणि आम्हा सगळ्या पोरांना एकेक नवी कोरी फणी द्यायच्या. पिठाची बोराएवढी गोळी घ्यायची, फणीच्या पाठीवर दाबून पसरायची आणि एका कडेने गुंडाळत आणायची. बाहेर रेघा उमटतात, शिंपल्यासारखी गुंडाळी होते. माझी नेहमी फणीला चिकटायची. बाई काही न बोलता त्यावर चिमूटभर पीठ भुरभुरायच्या आणि फणी परत हातात द्यायच्या. ते पीठ, तो नारळाचा वास, आणि तळून आल्यावर "हे माझं" म्हणून वाकडं कुलकुल शोधणं, हा माझा नाताळ. त्या दिवसांत रात्री चर्चमध्ये काय झालं ते मला एकाही वर्षाचं आठवत नाही. तळण मोठ्यांनी करायचं, कढई मागच्या शेगडीवर, आणि त्या वेळी मुलं स्वयंपाकघराबाहेर. बोट भाजलंच तर २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचं. बर्फ नको, टूथपेस्ट नको.

मिडनाइट मासबद्दल मी माझाच अनुभव सांगते. माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना मी हौसेने तिला नेलं. नवा फ्रॉक, केसांत फीत. ती मासच्या निम्म्यात खांद्यावर झोपली. मास संपल्यावर बाहेर एकदम फटाके लागले आणि ती दचकून उठली ती किंचाळतच. अंधार, गर्दी, अनोळखी चेहरे, कानाशी धडधड. पुढे दोन महिने कुकरची शिट्टी झाली तरी ती माझ्या पायाला येऊन बिलगायची. मी मुलांची डॉक्टर, आणि तरी माझ्या हातून हे झालं, कारण मला तिला तो सोहळा दाखवायचा होता. तिला तो कुठे हवा होता? तेव्हा आंटींचं बोलावणं आनंदाने स्वीकारा, पण रात्री तुमच्यापैकी एकाने जावं. सासूबाईंना हौस असेल तर त्यांना न्या. मुलीला २५ तारखेच्या सकाळी न्या. सकाळच्या मासला पुष्कळ लहान मुलं असतात, गोठा दिवसाउजेडी नीट दिसतो, आणि कुणाचं मूल चुळबुळलं तरी कुणी वळून बघत नाही. मागच्या बाकावर बसा, म्हणजे उठून बाहेर जाता येतं. लोक कम्युनियनसाठी रांगेत जातील तेव्हा आपण जागेवर बसून राहायचं, तो प्रसाद त्यांच्या दीक्षा घेतलेल्यांसाठी असतो. मुलीला आधीच सांगा, नाहीतर ती चॉकलेट वाटताहेत समजून धावेल. २४ च्या संध्याकाळी साडेसहाला वाड्यावर एक फेरी मारा, घरोघरची नखेत्रं मोजत. नखेत्र म्हणजे दारावर टांगलेला कागदी तारा. मुलगी वीसपर्यंत मोजू शकत असेल तर एवढी फेरी पुरते. मग जेवण आणि झोप.

आता ताट. नाताळाला शेजारून रुमालाखाली झाकून गोडाचं ताट येतं, त्याला इथे कोन्सुआद म्हणतात. नेवऱ्या, दोदोल, कुलकुलं, बातिक, सात थरांची बेबिंका. चतुर्थीला आपल्या घरून त्यांच्याकडे नेवऱ्या जातात, नाताळाला त्यांच्याकडून ताट येतं, असा हा पिढ्यान् पिढ्यांचा व्यवहार आहे. ताट आलं की मुलीच्या हाती द्या, तिला आत आणू द्या, आणि परत देताना रिकामं देऊ नका. सासूबाई अंडं खात नसतील तर बेबिंका आणि बातिकात अंडं असतं, दोदोलात नसतं. कुलकुलांचं घरोघरी वेगळं, विचारलं तर आंटी सांगतील, त्यांना त्यात राग नाही. मुलीला गोड जेवणानंतर, एका वेळी एक प्रकार, तिने निवडलेला. मधल्या वेळी ताट उंच ठेवा. गोड बंद करून बघू नका. बंद केलेल्या वस्तूभोवतीच मूल दिवसभर घुटमळतं. उलट्यांचं कारण बहुतेक वेळा साखर नसून रिकाम्या पोटी तूप, अंड्याचे बलक आणि नारळाचा रस यांचा भडिमार, वर गाडीचा प्रवास, हे असतं. आणि प्लम केक मुलीला देण्याआधी विचारा. फळं महिनाभर रममध्ये मुरवलेली असतात, कुणी भाजल्यानंतर वरूनही शिंपडतात. तो केक मुलांसाठी नाही. मुलांचा साधा केक बहुतेक घरांत वेगळा असतोच.

बाळाबद्दल जरा कडक बोलते. एक वर्षाच्या आत मध अजिबात नको, बोटाला लावून चाटवायचाही नाही. त्यातल्या जंतूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, आणि मध गरम केला किंवा केकमध्ये घातला तरी धोका जातोच असं नाही. साखरेचीही या वयात गरज नाही. नाताळाच्या जेवणातलं त्याला काय द्यायचं, तर शिजवलेलं रताळं, केळं, पूर्ण उकडलेल्या अंड्याचा कुस्करा, मऊ भात. काजू, शेंगदाणे, मनुका, अख्खी द्राक्षं या गोष्टी बाळाला नाहीतच, आणि अख्खे काजू-दाणे तर मुलीलाही अजून नकोत. नणंदेची मुलं प्रेमाने बाळाच्या तोंडात काजू सारतील, म्हणून त्यांना आल्या दिवशी जवळ बसवून सांगा. दहा महिन्यांचं बाळ अनोळखी माणसाला बघून रडतं, आत्याकडे जात नाही. ही त्याची वाढ आहे, आत्याचा अपमान नाही. त्याला तुमच्या मांडीवर बसून आत्याला दहा मिनिटं न्याहाळू द्या, मग ते स्वतः तिच्या बांगड्यांकडे हात करील. सर्दी झालेल्याने बाळाची पापी घ्यायची नाही, हात धुतल्याशिवाय उचलायचं नाही. हे माझ्या नावावर सांगा, डॉक्टरांनी बजावलंय म्हणा. फ्लूची लस सहा महिन्यांपासून देता येते, पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. राहिली असेल तर पहिला डोस याच आठवड्यात घ्या. आणि तो सांताचा लाल मखमली ड्रेस दुपारी घालू नका. गोव्यात डिसेंबरच्या दुपारी अजून घाम येतो. फोटोपुरता पाच मिनिटं, मग सुती झबलं.

सगळ्यात जास्त भीती मला बटण सेलची वाटते. लुकलुकणारी सांताची टोपी, छातीवरचा चमकणारा तारा, गाणं वाजवणारं भेटकार्ड, मेणबत्तीसारखा दिसणारा छोटा दिवा, या सगळ्यांत नाण्यासारखा चपटा सेल असतो. तो रांगणाऱ्या बाळाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते, आणि सुरुवातीला बाळ नुसती लाळ गाळतं किंवा खायला नकार देतं. दात येताहेत असं वाटून घरचे थांबतात. थांबायचं नाही. संशय जरी आला, खेळण्यातला सेल सापडत नसेल, तरी उलटी करवायची नाही, पोटात काही द्यायचं नाही, सरळ १०८ ला फोन किंवा गाडी काढून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात एक्स-रेसाठी. म्हणून पाहुणे जे काही लुकलुकणारं आणतील त्याच्या सेलचं झाकण स्क्रूने बंद आहे का ते आधी बघा. नुसतं नखाने उघडत असेल तर ती वस्तू कपाटात. गोठ्यातल्या मातीच्या मूर्ती, मणी, बर्फ म्हणून पसरलेले थर्माकोलचे दाणे हेही बाळाच्या हाताला लागणार नाहीत इतक्या उंचीवर मांडा.

सांताचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे. मुलीला सांताची गंमत घेऊ द्या. सकाळी उशाशी एक लहान भेट ठेवा. पण "रडलीस तर सांता येणार नाही" हे वाक्य घरात कुणीच बोलायचं नाही. बागुलबुवा काय आणि सांता काय, मुलाला धाकात ठेवायला वापरला की दोन्ही सारखेच. तिने विचारलं, "आपल्याकडे येतो का तो? आपण तर ख्रिश्चन नाही," तर सांगा की फार जुन्या काळी, चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्थानात निकोलस नावाचे एक बिशप होते, ते गुपचूप गरिबांना मदत करायचे, आणि त्यांची आठवण म्हणून लोक मुलांना भेटी देतात. ही गोष्ट खोटी नाही आणि गंमतही जात नाही. मग तिच्या हातून एक भेट गुपचूप ठेवायला लावा, कचरा न्यायला येणाऱ्या दादांसाठी किंवा वॉचमनकाकांसाठी. ठेवून पळून यायचं आणि दाराआडून बघायचं. पुढे सात-आठ वर्षांची झाल्यावर तिने डोळ्यांत बघून "खरं सांग" म्हटलं की खरं सांगा.

३१ तारखेला वाड्यावरची मुलं जुन्या कपड्यांत पेंढा भरून ओल्ड मॅन करतात, रस्त्यात गाड्या अडवून पैसे मागतात आणि बाराला त्याला जाळतात. मुलीला तो दिवसा दाखवा, त्याच्या मिशा रंगवू द्या. जाळताना पोटातले फटाके उडतात, तिथे लहान मूल नको. आठला सगळ्यांनी घरातच "नवीन वर्ष" म्हणून टाळ्या वाजवा, चार वर्षांच्या मुलीला ते आठ काय आणि बारा काय. बाराच्या आवाजाने बाळ उठणारच. खिडक्या आधीच लावा, पंखा मोठा ठेवा, उठलं की छातीशी धरून खालच्या आवाजात बोलत राहा. भीती घालवायची म्हणून बाल्कनीत नेऊन फटाके दाखवू नका. त्याने भीती वाढते, हे मी वर सांगितलंच. मुलीला तुमच्या इथून जवळचं काहीतरी दाखवायचंच असेल तर ६ जानेवारीला रेईस मागूसच्या चर्चचं फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, असतं. तीन मुलं राजांच्या वेषात येतात, आणि दिवसाउजेडी.

घरात थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं आणि पॅरासिटामॉल आणून ठेवा. ओआरएसचं अख्खं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवायचं (मोठ्या पाकिटाला एक लिटर), ग्लासभर पाण्यात थोडं थोडं नाही. पॅरासिटामॉल वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तास. दोन्ही मुलांचं आजचं वजन बघून डोस किती मिलिलिटर होतो ते तुमच्या डॉक्टरांकडून बाटलीवर लिहून घ्या, आणि ते २५ ला नि १ ला दवाखान्यात आहेत का तेही विचारून ठेवा. सहा-आठ तास लघवी झाली नाही, उलटी हिरवी आली, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली गेली किंवा मूल उठवूनही नीट जागं होत नसेल, तर डॉक्टरांच्या फोनची वाट न बघता म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीला जा.

आज १० तारीख आहे. शुक्रवारच्या म्हापसा बाजारात पाव किलो नाचणी मिळेल, करवंट्या घरात असतीलच. १४ च्या रात्री मुलीच्या हाताने भिजत घाला, १५ ला सकाळी पेरा. करवंटीला खाली एक भोक पाडून घ्या, नाहीतर ती प्रेमाने इतकं पाणी घालील की नाचणी कुजेल.